रंग बदलला, पण मात्रा किती?

३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रधानमंत्री किसान संपदा योजनेसाठी १,९२० कोटी रुपयांची वाढीव तरतूद मंजूर केली. त्यातील १,००० कोटी रुपये देशात ५० बहुउत्पादन अन्न विकिरण केंद्रे आणि १०० अन्न तपासणी प्रयोगशाळा उभारण्याच्या साह्यासाठी राखून ठेवले आहेत. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात झालेल्या घोषणेला त्यामुळे पैशाचे बळ मिळाले. शेतमालावर गॅमा किरणांचा मारा करून त्यातील कीड आणि जिवाणू मारण्याचे हे तंत्र महाराष्ट्राला नवे नाही. वाशी येथील मसाल्यांवर प्रक्रिया करणारे केंद्र २००० मध्ये आणि लासलगावचे 'कृषक' केंद्र २००२ मध्ये सुरू झाले. मात्र ही दोन्ही ठिकाणे यवतमाळपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत.

उमरखेड, महागाव, पुसद या पट्ट्यातील हळद आणि कपाशीच्या ओळींमध्ये जिल्हाभर घेतली जाणारी तूर हे दोन्ही माल विकिरणाला योग्य आहेत. साठवलेल्या तुरीला भुंगेरा लागतो आणि दोन-तीन महिन्यांत डाळीचे पीठ होते. वाळवणात मातीशी संपर्क आलेल्या हळदीतील जिवाणूंची संख्या निर्यातीच्या निकषांत बसेलच असे नाही. तेव्हा मंजूर झालेल्या ५० केंद्रांपैकी एखादे आपल्या जिल्ह्यात यावे, असे येथील शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना वाटले तर त्यात नवल नाही. मात्र जागा, अनुदान आणि वीजजोडणी यांच्या चर्चेत एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हळदीच्या पोत्याला किरण लागले, आणि हवे तेवढेच लागले, हे कळणार कसे?

साक्षीदार प्लास्टिकचा तुकडा

हा प्रश्न वरकरणी बाळबोध वाटेल. पण गॅमा किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही आणि त्यांचा स्पर्श जाणवत नाही. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की ती मात्रा एक ग्रे झाली. हळदीसारख्या मसाल्यातील जिवाणू मारण्यासाठी भारतीय नियमांनी ६ ते १४ किलोग्रे म्हणजे ६,००० ते १४,००० ग्रे मात्रा ठरवून दिली आहे. ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो. प्रत्यक्षात १०,००० ग्रे एवढ्या ऊर्जेने पाण्याचे तापमान जेमतेम अडीच अंशांनी वाढेल. पोते गरम होत नाही आणि हळदीचा पिवळेपणाही डोळ्यांना तसाच दिसतो. हळद किरणोत्सारी होत नाही, हे तर ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. प्रक्रिया झालेले आणि न झालेले पोते शेजारी ठेवले तर कोणालाही फरक सांगता येणार नाही.

म्हणून त्या पोत्याबरोबर एक साक्षीदार पाठवावा लागतो. बहुतेक वेळा तो साक्षीदार म्हणजे प्लास्टिकचा छोटासा तुकडा किंवा चिकटपट्टी असते. किरण प्लास्टिकमधून जातात तेव्हा त्याच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्यांतील बंध तुटतात. तुटलेली टोके अतिशय क्रियाशील असतात. ती एकमेकांशी, शेजारच्या रेणूंशी किंवा हवेतील प्राणवायूशी जोडली जातात. या उलथापालथीत काही ठिकाणी असे नवे बंध तयार होतात, की ते दृश्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात. पारदर्शक प्लास्टिक पिवळसर किंवा तपकिरी दिसू लागते ते यामुळे. किरणांनी निर्जंतुक केलेल्या काही प्लास्टिक वस्तूंवर जी पिवळट झाक दिसते, तिचे कारण हेच. तुर्भ्याच्या 'आयसोमेड' केंद्रात १९७४ पासून वैद्यकीय साहित्यावर ही प्रक्रिया होत आली आहे. तेथील प्रचलित मात्रा २५ किलोग्रे आहे.

वस्तूचा हा दोष शास्त्रज्ञांनी गुण म्हणून वापरला. ॲक्रिलिक म्हणजे ज्याला बाजारात पर्स्पेक्स म्हणतात, त्या प्लास्टिकमध्ये ठरावीक रंगद्रव्य मिसळून एक ते तीन मिलिमीटर जाडीचे तुकडे करतात आणि हवाबंद पाकिटात ठेवतात. किरण लागले की हे तुकडे गडद होतात. लाल पर्स्पेक्स साधारण ५ ते ५० किलोग्रे आणि अंबर पर्स्पेक्स १ ते ३० किलोग्रे या पट्ट्यात काम करते. दुसरा प्रकार नायलॉनच्या पातळ फितीचा. तिच्यातील रंगहीन द्रव्य किरणांनी निळे होते. कर्करोगाच्या किरणोपचारात मात्रा तपासण्यासाठी वापरली जाणारी फिल्मही निळी होते, पण तिचे रसायन वेगळे आहे. तिच्यातील सुटे रेणू किरणांमुळे साखळीत गुंफले जातात आणि ती साखळी निळी दिसते. तिसरा प्रकार खोक्यांवर लावायच्या ठिपक्यांचा. यातील काही ठिपक्यांत क्लोरिनयुक्त प्लास्टिक असते. किरणांनी त्यातून आम्ल सुटते आणि त्या आम्लाने सोबतचा रंग पिवळ्याचा लाल होतो. शाळेतील लिटमस कागदाचाच हा लांबचा भाऊ म्हणावा.

ठिपका आणि मोजमाप

खरी मेख येथेच आहे. पिवळ्याचा लाल झालेला ठिपका एवढेच सांगतो, की हे खोके किरणांच्या खोलीतून जाऊन आले. प्रक्रिया झालेला आणि न झालेला माल गोदामात मिसळू नये, यासाठी तो उपयोगी आहे. किती मात्रा मिळाली हे तो सांगत नाही. सहा किलोग्रेची मात्रा हवी असताना तीनच मिळाली, तरी ठिपका लाल होऊ शकतो. शिवाय काही ठिपके उन्हाने आणि उष्णतेनेही रंग बदलतात. म्हणून हे ठिपके मोजमापाला पर्याय ठरू शकत नाहीत, असे या विषयावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही बजावतात.

मोजमाप वेगळे आहे. त्यासाठी ॲक्रिलिकचा तुकडा मालासोबत ठरलेल्या जागी ठेवायचा, बाहेर आल्यावर त्याची जाडी मोजायची, वर्णपटमापकात ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते पाहायचे आणि आधी तयार केलेल्या आलेखावरून मात्रा काढायची. हा आलेख कोठून आला, त्या गठ्ठ्यातील तुकड्यांसाठी तो केला होता का, ज्या तापमानात प्रक्रिया झाली त्याच तापमानासाठी तो लागू आहे का, या प्रश्नांची उत्तरे कागदावर असावी लागतात. देशात किरणोत्सर्गाच्या मापनाचे मूळ प्रमाण भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे. प्रत्येक केंद्राच्या मोजमापाची साखळी शेवटी त्या प्रमाणाशी जोडलेली असावी लागते.

यवतमाळच्या संदर्भात यात आणखी एक अडचण आहे. येथील उन्हाळ्यात पारा सहज चाळिशीच्या वर जातो आणि हळदीचा हंगाम नेमका त्याच सुमारास भरात असतो. रंगाने मात्रा सांगणाऱ्या बहुतेक प्लास्टिकवर तापमानाचा आणि आर्द्रतेचा परिणाम होतो. किरण लागल्यानंतरही रंग स्थिर राहतोच असे नाही. तो काही काळ गडद होत जातो किंवा फिका पडतो. तुकडा आज काढला आणि परवा मोजला तर आकडा वेगळा येऊ शकतो. थंड हवेच्या देशात तयार केलेला आलेख एप्रिलमधल्या विदर्भात डोळे झाकून वापरणे म्हणजे तराजूचा पारडा वाऱ्यावर धरून माल मोजण्यासारखे आहे.

'बहुउत्पादन' या शब्दातही अशीच एक गुंतागुंत दडलेली आहे. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून नियमानुसार मात्रा लागते २० ते २०० ग्रे. तुरीतील कीड मारायला २५० ते १,००० ग्रे पुरतात. हळदीला मात्र किमान ६,००० ग्रे हवेत. जो ॲक्रिलिकचा तुकडा हळदीच्या मात्रेची साक्ष चोख देतो, तो तुरीच्या वेळी जवळजवळ मुका राहतो. कमी मात्रेसाठी फेरस सल्फेटचे फ्रिके द्रावण वापरावे लागते. त्याची धाव सुमारे ४०० ग्रेपर्यंतच आहे. त्यापुढे अलॅनिन या अमिनो आम्लाच्या गोळ्या किंवा वेगळ्या फिल्म लागतात. प्रत्येकाचे यंत्र निराळे आणि प्रशिक्षणही निराळे. एकाच छपराखाली तीन प्रकारचा माल घेण्याचे आश्वासन देणाऱ्या केंद्राकडे मोजमापाच्या निदान दोन-तीन पद्धती असाव्या लागतील. प्रकल्प अहवाल वाचताना इमारतीच्या खर्चाआधी हे कलम शोधले पाहिजे.

वाशीच्या आंब्याचा धडा

मोजमापाची नोंद किती मोलाची असते, याचा प्रत्यय मे २०२५ मध्ये आला. अमेरिकेला आंबा पाठवायचा तर त्याला किमान ४०० ग्रे मात्रा द्यावी लागते. २००७ मध्ये लासलगावच्या केंद्राला अमेरिकी कृषी खात्याची मान्यता मिळाली आणि भारतीय आंब्याला ती बाजारपेठ खुली झाली, ती याच अटीवर. ८ आणि ९ मे २०२५ रोजी नवी मुंबईतील केंद्रात प्रक्रिया झालेल्या आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर नाकारण्यात आल्या. फळांत कीड सापडली असे कारण नव्हते. विकिरणासंबंधीचे प्रमाणपत्र चुकीच्या पद्धतीने दिले गेले, असा आक्षेप होता. परत आणण्याचा खर्च परवडणारा नसल्याने निर्यातदारांनी तो आंबा तेथेच नष्ट होऊ दिला. नुकसान सुमारे पाच लाख डॉलर असल्याचा त्यांचा अंदाज होता.

चूक कोणाची, यावर तेव्हा बरेच बोलले गेले. यवतमाळच्या दृष्टीने त्या वादापेक्षा त्यातून निघणारा अर्थ मोठा आहे. विकिरण केंद्र ग्राहकाला जी वस्तू विकते ती किरण नव्हेत. किरण दिल्याचा विश्वासार्ह पुरावा ही त्याची खरी विक्री आहे. कागदावरचा आकडा संशयास्पद ठरला, की उत्तम हापूसही कचरा होतो. मोठे निर्यातदार एखादा असा फटका पचवतात. दीडशे-दोनशे शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून उभ्या केलेल्या उमरखेडच्या एखाद्या कंपनीचा हळदीचा एकच कंटेनर परत आला, तर त्या कंपनीला पुढचा हंगाम पाहायला मिळेलच असे नाही.

यात वेळेचाही हिशेब आहे. या केंद्रांत वापरला जाणारा कोबाल्ट-६० भारतीय अणुभट्ट्यांत तयार होतो आणि 'ब्रिट' ही संस्था तो पुरवते. त्याचा अर्धायुकाल ५.२७ वर्षे आहे, म्हणजे त्याची शक्ती दर महिन्याला सुमारे एक टक्क्याने आणि वर्षाला सुमारे बारा टक्क्यांनी घटते. त्या प्रमाणात माल किरणांसमोर अधिक वेळ ठेवावा लागतो. शिवाय पोत्याच्या बाहेरच्या थराला जास्त आणि गाभ्याला कमी मात्रा मिळते. गाभ्याला किमान मात्रा मिळावी आणि बाहेरच्या थराने कमाल मर्यादा ओलांडू नये, यासाठी भरलेल्या पोत्यांत जागोजागी तुकडे ठेवून मात्रेचा नकाशा काढावा लागतो. हळदीचे पोते आणि तुरीचे पोते यांची घनता सारखी नसते, तेव्हा नकाशाही दोनदा काढणे आले. उद्घाटनाच्या दिवशी केलेले मोजमाप दोन वर्षांनी कामाचे नसते.

माणसासाठी फुटपट्टी वेगळी

आता या केंद्रात काम करणाऱ्या माणसाकडे वळू. कोबाल्टच्या कांड्या जाड काँक्रीटच्या खोलीत असतात आणि काम नसताना पाण्याच्या खोल हौदात बुडवून ठेवल्या जातात. नियम पाळले तर शेजारच्या वस्तीला भिण्याचे कारण नाही. पण लाल झालेला ठिपका पाहून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढण्याची सवय येथे घातक ठरेल. मसाल्याच्या मात्रेला रंग बदलणारे प्लास्टिक माणसाच्या बाबतीत जवळपास आंधळे आहे. संपूर्ण शरीराला थोड्या वेळात तीन ते पाच ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर अर्धी माणसे दगावतात. लाल पर्स्पेक्स पाच हजार ग्रेच्या आसपास बोलू लागते. प्राणघातक मात्रेला ते दादच देत नाही.

कर्मचाऱ्यांसाठी नियामक मंडळाने घातलेली मर्यादा याहून कितीतरी खाली आहे. ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आहे. गॅमा किरणांच्या बाबतीत २० मिलिसिव्हर्ट म्हणजे एका ग्रेचा पन्नासावा भाग. ही सूक्ष्म मात्रा टिपण्यासाठी छातीवर लावायचा बिल्ला असतो. त्यात टेफ्लॉन या प्लास्टिकमध्ये कॅल्शियम सल्फेटची भुकटी मिसळून केलेल्या तीन चकत्या असतात. डोळ्यांना त्यांत काही बदल दिसत नाही. प्रयोगशाळेत त्या तापवल्या, की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि ती मोजली जाते. न्यूट्रॉनसाठी 'सीआर-३९' हे चष्म्याच्या भिंगांचे प्लास्टिक वापरतात. कणांनी त्यात पाडलेले माग अल्कलीच्या द्रावणात ठेवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. म्हणजे प्लास्टिक येथेही साक्षीदार आहे, पण त्याची साक्ष काढायला प्रयोगशाळा लागते. जिल्ह्यातील क्ष-किरण तंत्रज्ञांनाही हाच बिल्ला लागू आहे. तो टेबलाच्या खणात पडून राहिला, तर तो खणाची मात्रा मोजतो, माणसाची नव्हे.

बिल्ला नसला की काय होते, हे दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये दिसले. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने गॅमा उपकरण भंगार बाजारात पोहोचले आणि तेथील कामगारांनी ते फोडले. त्यात कोबाल्ट-६० आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. केस गळू लागले, कातडी काळवंडली, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. एकाचा मृत्यू झाला आणि अनेक जण गंभीर आजारी पडले. मोजणारे साधन जवळ नव्हते, म्हणून माणसाचे शरीरच रंग बदलणारे साधन झाले.

जुन्या जखमेची आठवण

यवतमाळला हे वाक्य परके वाटू नये. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात सुमारे २० शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. किरणांचा आणि कीटकनाशकाचा तसा संबंध नाही. साम्य आहे ते न दिसणाऱ्या मात्रेत. फवारणाऱ्याच्या अंगात किती विष गेले, हे रक्तातील कोलिनएस्टरेज या विकराच्या तपासणीतून काही प्रकारच्या औषधांबाबत कळू शकते. फवारा मारणाऱ्या मजुराच्या गावात अशी तपासणी नव्हती. डोळे जळजळणे, दिसेनासे होणे, उलट्या हीच त्याची मोजपट्टी होती आणि ती वाचता येईपर्यंत उशीर झालेला असे. औषध आले, पंप आले, पण मात्रा मोजण्याची आणि नोंदण्याची व्यवस्था आली नाही. तंत्र आणि त्याचे मोजमाप यांच्यातील ही दरी भरण्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली.

विकिरणाच्या बाबतीत तीच चूक टाळणे अवघड नाही. येथे कायद्याची चौकट आहे. अन्नाच्या विकिरणाचे नियम २०१२ मध्ये अद्ययावत झाले, परवाना अणुऊर्जा नियामक मंडळाकडून घ्यावा लागतो आणि प्रक्रिया केलेल्या मालावर तशी खूण छापणे बंधनकारक आहे. प्रश्न ही चौकट तालुक्याच्या गावात किती काटेकोरपणे पाळली जाईल, हा आहे. अनुदान देताना इमारत, कोबाल्ट आणि सरकता पट्टा यांच्याइतकेच महत्त्व वर्णपटमापकाला आणि तो चालवणाऱ्या प्रशिक्षित माणसाला दिले पाहिजे. प्रत्येक खेपेची किमान आणि कमाल मोजलेली मात्रा माल देणाऱ्या शेतकऱ्याला लेखी मिळाली पाहिजे. याच तरतुदीतून होणाऱ्या १०० प्रयोगशाळांपैकी एखादी जवळपास आली, तर माल घेणाऱ्याला तपासणीसाठी मुंबई गाठावी लागणार नाही. केंद्र चालवणाऱ्याने स्वतःच मोजायचे आणि स्वतःच प्रमाणपत्र द्यायचे, एवढ्यावर निर्यातीची बाजारपेठ टिकत नाही.

हळद उत्पादकांच्या बैठकीत या केंद्राचा प्रस्ताव मांडला जाईल, तेव्हा सादरीकरणात पिवळ्याचा लाल झालेला ठिपका नक्की दाखवला जाईल. तो देखणा असतो आणि पटकन विश्वास बसवतो. त्या वेळी सभागृहातील कोणी तरी उठून आणखी दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, गेल्या महिन्याच्या मात्रेची नोंदवही. दुसरी, तेथे काम करणाऱ्यांच्या बिल्ल्यांचे गेल्या तिमाहीचे अहवाल. या दोन्ही गोष्टी टेबलावर आल्या तर केंद्रावर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्या येत नसतील, तर ठिपक्याच्या लाल रंगावर हळदीचा एक हंगामही पणाला लावू नये.